पद्माकर डेकवर आला ते वर्ष

पद्माकर तोडणकर वीस वर्षं जहाजावर होता आणि समुद्र त्यानं धड पाहिलाच नव्हता. हे मी नाही म्हणत, तो स्वतःच म्हणायचा. इंजिनरूम जहाजाच्या पोटात, तिथे ना खिडकी ना वारा. कामाची वॉच संपली की वर यायचं, माझ्या गॅलीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, ताट न्यायचं, केबिनमध्ये आडवं व्हायचं, की पुन्हा खाली. "समुद्र कसला डोंबलाचा! मी बघितले ते गेजचे काटे," असं तो म्हणायचा, आणि ओरडून म्हणायचा, कारण इंजिनाच्या आवाजानं त्याचा उजवा कान अर्धा गेला होता. मी दिलीप. त्याच्या दोन जहाजांवर मी भंडारी होतो. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. माणसाला रोज दोन वेळा जेवायला घातलं की त्याचा स्वभाव कळतोच, वेगळं काही करावं लागत नाही.

आणि माणूस कसा होता म्हणाल, तर कंटाळवाणा. खोटं कशाला बोलू? पत्ते नाहीत, गाणं नाही, दारू नाही. खिशात हात पुसायची तेलकट चिंधी असायची, ती जेवताना ताटाशेजारी ठेवायचा. त्यावरून मी त्याला किती शिव्या घातल्या असतील याची मोजदाद नाही. हसायचा आणि चिंधी तिथेच. जहाज बंदराला लागलं, वरून इंजिन मोकळं केल्याचा इशारा आला, की बाकीचे आंघोळी करून, भांग पाडून किनाऱ्यावर पळायचे. हा त्याच क्षणी स्पॅनर उचलून काहीतरी उघडून बसायचा. कधी पंप, कधी व्हॉल्व्ह. त्यात त्याचं वेगळेपण काही नाही, मोठ्या जहाजांची ती रीतच आहे. भर समुद्रात इंजिन थांबवता येत नाही, म्हणून ते थांबलं रे थांबलं की उघडायचं आणि निघायच्या आत मिटायचं. दोन दिवस बंदरात मिळतात, त्यातच सगळं उरकायचं. ते त्याच्या हातांना इतकं पाठ झालं होतं की डोक्याला विचारायची पाळीच येत नसे.

नव्वद साली त्यानं जहाज सोडलं आणि सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. पाया लेबारला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बायको नीता एका नर्सरीत शिकवायची. मीही पुढे वर्षाभरात सेरंगून रोडच्या एका हॉटेलात भात-आमटी शिजवायला लागलो. नीतावहिनी रविवारी मला जेवायला बोलवायची. स्वतःच्या हातचं खाऊन स्वयंपाक्याला किती वीट येतो हे तिला बरोबर ठाऊक होतं.

आता कॅप्टन लिम. आमचा जुना कप्तान, सिंगापूरचाच, निवृत्त झालेला. पुंगोलच्या टोकाला बोटी दुरुस्त करायची शेड होती, तिथे त्याची शिडाची बोट असायची. बायको गेल्यावर त्यानं बोटीला तिचंच नाव दिलं होतं, 'रोझी'. बोटीत छोटं इंजिनही होतं, आणि पद्माकर ते हौसेनं बघायचा. तोडणकर हे नाव त्याच्या जिभेवर 'तोडान' व्हायचं. एका रविवारी खेकडे खाता खाता म्हातारा म्हणाला, "तोडान, आयुष्यभर मी लोकांचा माल वाहिला. आता काही न वाहता एकदा जायचंय." जायचं होतं कुठे? चिलीच्या पार दक्षिणेला. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात, त्यांच्यामधून खाड्यांचं जाळं आहे आणि माणूस म्हणून नाही. जाऊन यायला वर्ष लागेल. येतोस का?

शर्ट घ्यायचा तर आठवडाभर विचार करणारा हा माणूस. तोंडातला खेकडा गिळून म्हणाला, "येतो."

मला वाटलं घरी गेल्यावर नीतावहिनी सरळ करील. ती भांडली, चांगली तीन-चार दिवस भांडली, पण मग तिनं त्याचं तोंड बघितलं असावं. मला म्हणाली, "दिलीपभाऊजी, वीस वर्षं खाली राहून ते आता वर जाऊ म्हणतात. मी नको कशी म्हणू?" तिनं एकच अट घातली. प्रतापला बरोबर न्यायचं.

प्रताप तिचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चाळिशीचा. जहाजावर सुखानी होता, म्हणजे सुकाणू धरणारा. त्याची कंपनी बुडाली होती आणि दुसरं जहाज मिळेपर्यंत तो बहिणीकडे येऊन राहिला होता. लग्न केलं नव्हतं, आईवडील नव्हते, ताईचं घर हेच त्याचं घर. तोंडात विडी, आणि जिभेला हाड नाही. मेहुण्याची टिंगल करायचा आणि त्याच्या हाताखालचा स्पॅनर न सांगता पुढे करायचा. मला चौथा म्हणून घेतलं, कारण कॅप्टन लिमला माझी कोळंबी आवडायची. असे आम्ही चौघे निघालो.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मग तो अफाट समुद्र, ते सगळं सांगत नाही. मी बराचसा वेळ बादलीत तोंड घालून होतो. शहाण्णव साल उजाडलं तेव्हा आम्ही त्या खाड्यांत शिरलो होतो, आणि पाणी एकदम शांत झालं. दोन्ही बाजूंना काळे डोंगर, वर बर्फ, मधून एक लांबच लांब पाणी. नकाशावर त्याला स्पॅनिश नाव होतं. आम्ही त्याला गल्ली म्हणायचो. जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा म्हणे! पाऊस, गारा, मध्येच तासभर ऊन, पुन्हा पाऊस. कपडे वाळले असं एकदाही झालं नाही.

पण पद्माकर! तो डेकवरून हलेचना. इंजिन चालू असलं की तेवढ्यापुरता खाली, नाहीतर शिडाच्या डांबाला पाठ लावून बसलेला. कड्यावरून बर्फाचा तुकडा तुटून पाण्यात पडायचा आणि आवाज मागाहून यायचा. एवढा मोठा आवाज त्याच्या अर्ध्या कानालाही कळायचा आणि तो आमच्याकडे वळून बघायचा, बघितलंत का, असं. बोटीपुढे डॉल्फिन उड्या मारायचे. एकदा तर पावसात उभा राहून रडत होता. मी विचारलं, काय झालं रे? "काही नाही, पाऊस आहे," म्हणाला. प्रताप म्हणायचा, "भावोजी, समुद्र कुठे पळून जात नाही. जेवून घ्या, नाहीतर हा भंडारी मला मारील."

रोज थोडं थोडं पुढे जायचो. नकाशात पुष्कळ ठिकाणी खोलीचे आकडेच नव्हते, म्हणून प्रताप पुढे उभा राहून शिशाचा गोळा दोरीनं पाण्यात सोडायचा आणि ओरडायचा, "सात वाव! पाच वाव!" कॅप्टन लिमला आता वाव म्हणजे सहा फूट हे कळायला लागलं होतं, तो मान हलवून नकाशावर खूण करायचा. दुपारी किनाऱ्यावर उतरायचं. किनारा म्हणजे काय, शेवाळ. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. झाडं वाऱ्यानं वाकडी झालेली, आणि लाकूड असं ओलं की पिळलं तर पाणी गळेल. एका ठिकाणी गवताखाली शिंपल्यांचा केवढा तरी ढीग मिळाला, आणि मधे जळके दगड. कॅप्टन म्हणाला, पूर्वी इथे होड्यांतून फिरणारी माणसं राहायची, शिंपल्यांवर जगायची. कुठे गेली मग? संपली, म्हणाला. प्रताप त्या जळक्या दगडांशी उकिडवा बसला, विडी पेटवली आणि ती संपेपर्यंत त्या दगडांवर हात फिरवत राहिला. त्याचं ते तिथे बसणं मला बिलकूल आवडलं नाही.

त्या खाड्यांची एक तऱ्हा आहे, ती सांगितली पाहिजे. तिथे वारा समोरून येत नाही, डोंगरावरून खाली कोसळतो. आत्ता काही नसतं आणि आत्ता बोट आडवी होते. म्हणून तिथे नुसत्या नांगरावर कोणी विसंबत नाही. आडोशाची जागा बघायची, पुढे नांगर टाकायचा आणि मागून दोन जाडे दोर नेऊन किनाऱ्यावरच्या झाडांना बांधायचे. दोन्ही दोर बांधून होईपर्यंत काम संपलं असं समजायचं नाही. आम्ही हे रोज करत होतो, आणि रोज दोर न्यायला छोटी होडी वल्हवत प्रताप जायचा.

त्या दिवशी आम्ही अशाच एका खाचेत शिरलो. दोन डोंगरांच्या मधली जराशी बगल, तोंडाशी एक खडक. नांगर पडला, धरला. प्रतापनं पहिला दोर नेऊन बांधला आणि दुसरा होडीत घालून पुन्हा गेला. वारा अजिबात नव्हता. कॅप्टननं हातानं खूण केली, इंजिन बंद. एवढंच. आणि मी गॅलीत डाळीला फोडणी देत होतो, तर पद्माकर माझ्या पायाखालचं फळकूट उचलून खाली उतरला. इंजिन तिथेच होतं. त्या खाड्यांत बर्फाच्या नद्यांचं पाणी येतं, दुधासारखं, त्यात दगडाचं पीठ असतं. त्या पिठानं इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंप झिजत चालला होता, हे त्यानं दोन दिवसांपूर्वी ऐकवलं होतं. मी म्हटलं, "जेवून घे की आधी." तो म्हणाला, "तेवढ्यात होतो." मला त्यात वावगं काही वाटलं नाही. थांबलो की हा काहीतरी उघडणारच.

फोडणी तडतडली आणि वारा कोसळला.

कसा ते मला सांगता येणार नाही. बोट एका कुशीवर झाली, कढई माझ्या हातातून गेली, वर कॅप्टन किंचाळत होता, "इंजिन! तोडान, इंजिन!" मी खाली बघितलं. पद्माकर गुडघ्यांवर, हातात पंपाचं झाकण. पंपाच्या दांड्यात पोलादाची एक 'की' असते, म्हणजे पाचर, बोटाच्या पेराएवढी. ती नसली की दांडा नुसता फिरतो, पाणी ओढत नाही, आणि पाण्यावाचून इंजिन चालवलं तर ते जळतं. ती त्यानं काढून चिंधीवर ठेवली होती. बोट कलंडली आणि की, चिंधी, स्क्रू, सगळं घसरून बोटीच्या तळाच्या काळ्या पाण्यात गेलं. त्याचं तोंड मी विसरू शकत नाही. घाबरलेलं नव्हतं. नुसतं उघडं होतं.

नांगराची पकड सुटली. बांधलेला एकच दोर आम्हाला गरकन फिरवून खडकाकडे ओढायला लागला. "काप!" कॅप्टन ओरडला, आणि मी माझ्या कांदे कापायच्या सुरीनं तो दोर कापला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, नाहीतर चौघेही संपलो असतो. प्रताप किनाऱ्यावर होता, हातात दुसरा दोर. त्याची होडी वाऱ्यानं उचलली आणि खडकावर आपटून तिचे तुकडे केले, हे त्यानंही बघितलं, आम्हीही बघितलं. तो ओरडला नाही. सुखानी होता ना! आम्हाला बाहेर पडायला वाट कुठून आहे ते त्याला किनाऱ्यावरून दिसत होतं, आम्हाला पावसात दिसत नव्हतं. त्यानं हात लांब करून दाखवायला सुरुवात केली. डावीकडे, अजून डावीकडे, आता सरळ. कॅप्टन लिम त्याच्या हाताकडे बघत सुकाणू फिरवत होता आणि मी कसंबसं अर्धं उघडलेल्या शिडाचा कोपरा धरून होतो. खडक हातभर अंतरावरून गेला. आम्ही बाहेर पडलो आणि मागे बघितलं, तर त्याचा हात अजून वरच होता.

वाऱ्यानं आम्हाला गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, एका बेटाच्या मागे नेऊन टाकलं. तिथे आडोसा होता. आणि तिथून पाण्यापलीकडे ती खाच दिसत होती. दिसत होती आणि जाता येत नव्हतं. वारा नेमका तिकडून इकडे. संध्याकाळी तिथून धूर वर आला. मी तर नाचलोच! "विडीनं वाचवला रे त्याला, लायटर आहे त्याच्याकडे!" पण पद्माकर हसला नाही. तो म्हणाला, "दोर नेताना कमरेपर्यंत भिजला होता तो." आणि पुन्हा खाली गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिडावर दोनदा निघालो. दोन्ही वेळा अर्ध्यावरून वाऱ्यानं मागे ढकललं, दुसऱ्यांदा शीडच फाटलं. रेडिओवर चिलीच्या आरमाराची चौकी मिळाली. त्यांनी नाही म्हटलं नाही बिचाऱ्यांनी, पण त्यांची बोट लांब आणि वाटेत हाच वारा. उरलं एकच, इंजिन. पद्माकर पोटावर पालथा पडून खांद्यापर्यंत हात तळाच्या तेलकट पाण्यात घालून ती की शोधत होता. पाणी बर्फासारखं. बोटं निळी पडलेली. मी चहा नेला, तो तिथेच गार झाला. "जेवणार नाहीस?" ऐकलंच नाही, मुद्दाम का कानामुळे ते देव जाणे. चिंधी हाताला लागली, पण ती की नाही. शेवटी त्यानं शोधणं सोडलं, एक जुना पोलादी बोल्ट घेतला आणि कानशीनं घासून नवी की बनवायला बसला. खर्र, खर्र, खर्र. दिवसभर बोटीत तो एकच आवाज. एक बनवली, ती सैल झाली. फेकून दिली, दुसरी घेतली. मला त्याचा इतका राग येत होता की त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर पांघरूणही घालावंसं वाटत होतं. शेवटी पांघरूण घातलं.

पलीकडे धूर होता, पण पातळ. मी म्हटलं, "शहाणा आहे, लाकूड पुरवून पुरवून जाळतोय." कॅप्टन लिम माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. धूर दिसला नाही. पावसात दिसत नसेल, असं आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं. दुपारी खाली इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. पद्माकर वर आला, कोपरापर्यंत काळा, डोळे सुजलेले. त्यानं पाण्यापलीकडे बघितलं.

"धूर?" त्यानं विचारलं.

त्यानं नांगर ओढायला सुरुवात केली, एकट्यानं.

होडी नव्हती, म्हणून बोटच खडकाला लावून आम्ही उतरलो. प्रताप एका वाकड्या झाडाच्या बुंध्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला सापडला. समोर ओली राख. हात मनगटापर्यंत बाह्यांत ओढून घेतलेले. तो सकाळीच केव्हातरी गेला असावा, कारण राखेच्या पोटात अजून ऊब होती. मी बोट घालून बघितलं, आणि बघायला नको होतं. दुसरा दोर त्यानं झाडाला बांधून ठेवला होता, व्यवस्थित, दोन वेढे देऊन, आणि त्याचं दुसरं टोक वेटोळं करून खडकावर ठेवलं होतं, आम्ही आलो की फेकायला. पद्माकर त्याच्याशेजारी बसला आणि स्वतःच्या चिंधीनं त्याच्या चेहऱ्यावरचं पाणी पुसायला लागला. मी ओरडलो, "अरे, ती तेलकट आहे!" काय बोलत होतो मी तरी! तो पुसतच राहिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. तिकडच्या गावात परवानग्या काढून दहन केलं, पद्माकरनं अग्नी दिला. कॅप्टन लिमनं 'रोझी' तिथेच विकून टाकली आणि आम्ही विमानानं परत आलो. विमानात म्हाताऱ्यानं पद्माकरचा हात धरून सांगितलं, "वारा होता, तोडान. नुसता वारा. तुझ्या बायकोलाही मी तेच सांगणार आहे." मीही म्हटलं, हो, वारा होता. खोटं कुठे होतं?

चांगी विमानतळावर नीतावहिनी उभी होती. ट्रॉल्या, माणसं, कोणीतरी कोणाला हार घालत होतं. पद्माकर सरळ तिच्यापुढे गेला, अस्थींची पिशवी दोन्ही हातांत धरलेली, आणि हॅलो नाही, काही नाही, म्हणाला, "बोट थांबल्यावर मी पंप उघडला. म्हणून परत फिरता आलं नाही." मला वाटलं ह्याचं तोंड दाबावं. निदान घरी तरी जाऊ द्यायचं होतंस रे! तिनं पिशवी घेतली, छातीशी धरली आणि टॅक्सीच्या रांगेकडे चालायला लागली. तिनं काहीच विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

घर तसंच चालू राहिलं, आणि ते बघवत नव्हतं. ती डबा द्यायची, तो न्यायचा. मी रविवारी जायचो तर तीन माणसं जेवताना फक्त माझंच तोंड चालायचं. त्याला दोष द्यावा तर तो आधीच खाली मान घालून बसलेला, आणि तिला समजवावं तर ती काही बोललेलीच नाही. वर्कशॉपमध्ये त्यानं स्वतः मागून स्टोअरची नोकरी घेतली, सामान मोजून द्यायची. हातात स्पॅनर धरेना. घरात नळ गळत होता, टप टप टप, महिनाभर. हा समोर बसून ऐकायचा आणि उठायचा नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, वॉशर बदल की! दोन मिनिटांचं काम आहे." त्यानं नळाकडे बघितलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दडपून बसला. शेवटी नीतावहिनीनं बाहेरचा माणूस बोलावून तो बदलून घेतला.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला मी मुद्दाम गेलो, चकल्या घेऊन आणि वहिनीसाठी साडी घेऊन. मनात होतं, पाटावर बसीन, म्हणीन ओवाळ मला. तिनं साडी बघितली आणि ओळखलं. "नाही भाऊजी," म्हणाली, "राग मानू नका. तुमच्या कपाळाला मी ते कुंकू नाही लावू शकत." ताट तयार होतं, निरांजन, सुपारी, अक्षता. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. आमच्याकडे लहानपणी शेजारची एक काकू ओवाळायची, तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

ती ताट घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गेली. समोर दुसरा ब्लॉक, बांबूंवर वाळत घातलेले कपडे. बीजेचा चंद्र तो काय, नखाएवढा, आणि घटकाभरात बुडणार. दिसणार कुठून? तेवढ्यात जिन्यावरून पद्माकर उतरून आला, धापा टाकत. तो केव्हा वर गेला होता ते आम्हाला माहीतही नव्हतं. "नवव्या मजल्यावरून दिसतो," म्हणाला. त्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्याला थांबत नाही. एक मजला चढून आम्ही ती पकडली. वहिनीच्या हातातल्या निरांजनाची ज्योत तेवढी हलत होती.

वर चंद्र होता. दोन इमारतींच्या फटीत, खाली खाली. तिनं पदर घेतला, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन विझलं. तिनं ओवाळणं पुरं केलं, तसंच, विझलेल्या निरांजनानं. आणि चंद्राकडेच बघत, मान न वळवता, तिनं विचारलं,

"अहो, तो पंप तुम्ही का उघडलात?"

मी तयारच होतो. दुधी पाणी, दगडाचं पीठ, झिजलेला पंप, एखाद दिवशी इंजिन जळलंच असतं, सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि ते खरंही होतं. मी तोंड उघडलं, तर पद्माकरनं माझ्या दंडाला हात लावला. त्यानं विचार केला. खाली रस्त्यावर बसची दारं उघडून मिटली.

"सवयीनं," तो म्हणाला. "पंप दुसऱ्या दिवशी उघडला असता तरी चाललं असतं. दोर बांधून झाल्यावर उघडला असता तरी चाललं असतं. बोट थांबली आणि हात गेले."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं ताट माझ्या हातात दिलं. मग कॉरिडॉरच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, गावाकडे रडतात तशी, तोंड उघडून. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होतो. दहा महिने ही बाई मनाशी धरून बसली असणार की भावाच्या जिवाएवढं मोठं काहीतरी कारण निघेल, आणि तिच्या नवऱ्याकडे ते नव्हतं. असतं तर त्यानं दिलं असतं. एका दारातून चिनी आजीनं डोकं बाहेर काढलं, बघितलं, आत घेतलं. पद्माकर बायकोपासून हातभर अंतरावर उभा होता. पुढे होऊन तिला धरावं की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि ते मीही त्याला सांगू शकत नव्हतो. समोरच्या फटीतून चंद्र गेला. पद्माकर तसाच उभा राहिला.